“गिनकर बताइए, बहनजी”

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर चहा पाजून वाटेला लावलंय. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता... आता आहे का, ते विचारू नका. घडलं तसं सांगते.

साल शहाऐंशी-सत्त्याऐंशी, जयपूर. आमचे हे फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झाले आणि साताऱ्याला परत न जाता त्यांनी जयपूरच्याच सोडाला भागात वर्दी शिवायचं दुकान टाकलं. पुढे काउंटर, तिथे मी. मधे मशीनवर मास्टरजी आणि काज-बटण करणारी कमला. मागे इस्त्रीची बिनखिडकीची खोली — ती ह्यांची. दुसऱ्या कुणाच्या हातची क्रीज त्यांना पटायचीच नाही!

दुकानात नवा फोन बसला आणि महिन्याभरात एका बाईने पिच्छा पुरवायला सुरुवात केली. तीही ऐन कामाच्या वेळी. “नमस्ते जी, सर्वे के लिए पूछना था. इस वक्त दुकान में काम करनेवाले कितने लोग हैं?” कुठल्या कंपनीचा सर्वे, ते सांगायची नाही. मी मान वर न करता म्हणायची, “चार.” मग “धन्यवाद जी” म्हणून ती फोन ठेवायची. ह्यांना मात्र ते खटकायचं. “नफरी न मोजता सांगू नये,” म्हणायचे. नफरी म्हणजे हजर माणसांचा आकडा. मी म्हणे, तुमची पलटण ती केवढी, चार टाळकी!

जानेवारीतली दुपार होती. थंडी अशी की बोटांना सुई धरवेना. फोन वाजला. तीच.

“चार,” मी म्हटलं.

धन्यवाद आलंच नाही. “गिनकर बताइए, बहनजी.”

असा राग आला! पण इतकी वर्षं फौजीच्या घरात काढलेली... मोजलं. मी, मास्टरजी, कमला. तीन.

“मास्टरजी, ये कहाँ हैं?”

“अंदर, भाभीजी. ठंड के मारे दरवाज़ा बंद कर लिया. बड़ी देर हुई.”

आत कोळशाची इस्त्री, शेजारी धगधगती शेगडी. रिसीव्हर काउंटरवर टाकून धावले. दार ढकललं तर हे कोटांच्या गठ्ठ्यावर कलंडलेले. मास्टरजींनी खांदे धरले, मी पाय, आणि ओढतच रस्त्यावर आणलं. मी हाका मारतेय, गालावर चापट्या मारतेय... बऱ्याच वेळाने डोळे उघडले. म्हणाले, “कोट जळला न्हाई न्हवं?” भर बाजारात मी रडता रडता हसले. डॉक्टर म्हणाले, कोळशाचा धूर. आणखी थोडा वेळ गेला असता तर उठले नसते.

पुढे बाजारात ज्या ज्या दुकानात फोन होता तिथे विचारून आले. असा सर्वे कुणालाच आला नव्हता. हे म्हणतात योगायोग, रोजच्या ‘चार’ला कंटाळली असेल पोरगी. असेलही.

पण एक सांगायचं राहिलं. ह्यांनी डोळे उघडल्यावर मी पाणी आणायला आत गेले, तर रिसीव्हर तसाच पडलेला. ठेवायच्या आधी सहज कानाला लावला... ती होती.

“जी, कितने?”

मी बाहेर बघितलं. बाकावर हे बसलेले, एका बाजूला मास्टरजी, एका बाजूला कमला. आणि मी.

“चार,” मी म्हटलं.

“धन्यवाद जी.”

परत तिचा फोन कधीच आला नाही. कोण होती, कुणासाठी मोजत होती, आजही मला ठाऊक नाही. पण त्या वेळी आकडा मी मोजून सांगितला होता.