बोरीवलीचं मत

केंद्र आणि राज्यं यांची भांडणं कॉलेजात शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. प्रबंध तर राज्यघटनेतल्या एकाच तरतुदीवर होता. राज्याची सीमा बदलायची असली तर संसदेत विधेयक येण्याआधी त्या राज्याच्या विधानसभेचं मत मागवायचं, पण ते मानलंच पाहिजे असं बंधन नाही. नुसतं विचारायचं आणि मग आपल्याला हवं तेच करायचं, याचा मला भयंकर राग. बोरीवलीच्या आमच्या दोन खोल्यांत आईला हे मी इतक्यांदा ऐकवलं की तिचं पाठ झालं असावं. "मग इचारतत तरी कित्याक?" असं ती मालवणीत म्हणायची, आणि मी खूश होऊन आणखी एक तळटीप लिहायची.

बाबा गेले आणि आई एकटी राहू लागली. एकदा मोरीत तिचा पाय घसरला. मुक्या मारावर निभावलं, पण आम्ही तिघं भावंडं घाबरलो. मुलुंडचा भाऊ म्हणाला, "ताई, तूच काय ते ठरव. तुझा विषय आहे ना!"

एवढं पुरे होतं. मी कागद घेतला आणि याद्या केल्या. आईचे गुडघे भावाकडे, डोळे गोरेगावच्या बहिणीकडे, औषधं आणि रुसवेफुगवे समवर्ती सूचीत, म्हणजे सगळ्यांचे सामाईक. आईने चार-चार महिने एकेकाकडे राहायचं, बोरीवलीचं घर बंद. उरलेसुरले सगळे अधिकार अर्थातच अंधेरीला, माझ्याकडे. थोरली ना मी! "झकास," बहीण म्हणाली, "तू तर घटनाच लिहिलीस गं." मी चक्क लाजले.

रविवारी तिघं मिळून आईकडे गेलो. ती स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून कोलंबी सोलत होती. मी वर्गात वाचते तसा उभ्याने कागद वाचला. समवर्ती म्हणजे काय, तेही मधे थांबून समजावलं. तिने सोलता सोलता सगळं ऐकलं.

"वाचून झाला?" ती म्हणाली. "तुझ्या त्या पुस्तकात राज्याक इचारतत तरी. माका कोणी इचारल्यान?"

भाऊ खिडकीबाहेर बघू लागला. माझे कान तापले. ज्या संसदेला मी जन्मभर नावं ठेवली, तिच्याहूनही मी वाईट निघाले, आणि तेही आईच्या बाबतीत. फार लाज वाटली मला. कागदाची घडी करून पर्समध्ये कोंबली आणि स्टूल ओढून तिच्याशेजारी बसले.

"आई, तुला कुठे राहायचंय?"

"हयच," ती म्हणाली. मग अर्धी कोलंबी माझ्यापुढे सरकवली. "आणि तुमचा तिघांचा मत मी ऐकान घेतंय हां. पण मानूकच व्हया असा काय नाय."