साडूंची खिडकी

गरम पाण्यावर माझ्या साडूंइतकं प्रेम आणि त्याच पाण्याचा इतका संशय, दोन्ही एका वेळी बाळगणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. ते मूळचे नाशिकचे, कुवेतला एका तेलशुद्धीकरण कारखान्यात बॉयलर इंजिनिअर होते. नव्वदच्या दशकात मी नोकरीसाठी तिथे गेलो तो नेमका ऑगस्टात, आणि उतरलो त्यांच्या अबू हलीफाच्या फ्लॅटवर. आंघोळीला निघालो तेव्हा त्यांनी बजावलं, "लाल नळ सोडा. निळ्याला हात लावू नका." मला थट्टा वाटली. निळा सोडला आणि पाठ भाजून घेतली. तिथे उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी उकळते, म्हणून गीझर बंद ठेवून त्यात निवलेलं पाणी लाल नळातून घ्यायचं असतं, हे मला बाहेर आल्यावर कळलं. साडू मलमाची ट्यूब घेऊन दाराशीच उभे होते. प्रत्येक नवा पाहुणा निळाच सोडतो, असा त्यांचा अनुभव होता.

परतल्यावर राहायला म्हणून त्यांनी नाशिकला फ्लॅट घेतला होता. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईंनी, तिथल्या ओट्याची उंची स्वतःच्या कोपराला लावून ठरवली होती. तोवर तिथे एक तरुण जोडपं भाड्याने राहत होतं. पुढे लोडशेडिंगला कंटाळून त्यांनी गॅसचा गीझर मागितला आणि साडूंची झोप उडाली. बंद न्हाणीघरात गॅस जळला तर माणूस बेशुद्ध पडतो आणि त्याला कळतही नाही, हे ते भेटेल त्याला सांगत. अखेर खिडकीच्या दोन काचा कायमच्या काढायच्या, या अटीवर गीझर बसला. शिवाय कुवेतच्या राई भागातल्या दुकानातून घेतलेला एक्झॉस्ट फॅन ते स्वतः बॅगेतून घेऊन गेले. मुंबईच्या कस्टमवाल्याने हे काय म्हणून विचारलं, तेव्हा त्याला त्यांनी इतकं समजावलं, की तो म्हणे घरी फोन करायला उठला.

तेव्हापासून दर शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, नाशिकला फोन. कसे आहात वगैरे काही नाही, पहिला शब्द "खिडकी?" तिकडून उघडी असल्याचं उत्तर येई. एकदा फोन ठेवून म्हणाले, "आवाजावरून पुठ्ठा लावलेला वाटतोय." चुलतभावाला स्कूटरवर पिटाळलं, तर थंडीमुळे खरोखरच पुठ्ठा लावलेला. त्यांचा स्वतःचा मुलगा या विषयावर "ओके, बाबा" यापलीकडे बोलत नसे. भाडेकरूंना मुलगी झाली, ती चार वर्षांची झाल्यापासून फोन तीच घेऊ लागली. ज्योत निळी असली तर ठीक, पिवळी झाली तर आईला सांगायचं, हे तिला आपल्या नावाच्या आधी पाठ झालं असावं.

साडू निवृत्त झाले तेव्हा ती सातेक वर्षांची होती. घर रिकामं करा, हे त्या शुक्रवारी सांगायचं ठरलं होतं. मी तिथेच बसलो होतो. ताईंचे खोके बांधून झाले होते. फोन मुलीने घेतला. तिचा आवाज मलाही ऐकू आला. खिडकी उघडी आहे, ज्योत निळी आहे, आजोबा, तुम्ही आलात की मी दाखवते. साडू "शाब्बास" म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

"सांगितलंत?" ताईंनी विचारलं.

"तिची शाळा तिथून समोरच आहे," साडू म्हणाले. "दुसऱ्या घरात खिडकीकडे कोण बघणार?"

तिसऱ्या दिवशी ताईंनी एवढंच विचारलं, की भाड्याच्या घरात ओटा केवढा उंच असतो.

आता दोघं नाशिकला, आपल्या फ्लॅटच्याच गल्लीत भाड्याने राहतात. मालक परदेशी असतो. भाडेकरूंची मुलगी अधूनमधून येऊन जाते, पण तिला आता क्लास असतात. एकदा बोलता बोलता साडू म्हणाले, "आमचा मालक काही विचारतच नाही हो." माणूस इतकं साधं बोलला की मला वाईट वाटलं. मी अजून अबू हलीफालाच आहे. तेव्हापासून शुक्रवारी सकाळी मीच त्यांना फोन लावतो आणि विचारतो, "खिडकी?"

"उघडी आहे," साडू म्हणतात, आणि मी विचारायच्या आत ज्योतीचा रंगही सांगतात.