हसताना धरायची उशी

नाटक कंपनीचे कपडे शिवणाऱ्या मावशीचं हसू म्हणजे तालमीचा निकाल. विंगेत टाके घालताना ती खुदकन हसली की विनोद पक्का. नुसतीच सुई ओढत राहिली की तालीम घेणाऱ्या मास्तरांची पेन्सिल तो खोडून टाकी. नट प्रेक्षकांना भीत नसत इतके तिला भीत.

तर ही मावशी पडदा टाचताना शिडीवरून घसरली आणि नाटकातल्या राजाच्या सिंहासनावर छातीने आदळली. चार फासळ्या मोडल्या. श्वास घेतला की सुया टोचत. डॉक्टरांनी धातूच्या पट्ट्या स्क्रूने आवळून बसवल्या. मग नळीतून श्वास ओढून डबीतले गोळे उचलायचा व्यायाम झाला, आणि मावशी धाप न लागता जिना चढून कामावर हजर. फक्त हसण्याशी तिने अबोला धरला. एखादा स्क्रू सुटला म्हणजे?

पण हे बोलायचं कुणाला? न हसणाऱ्या मावशीला विंगेत खुर्ची कोण ठेवणार? ती ओठ आवळून बसे. मास्तर विनोद खोडत सुटले. प्रयोग तोंडावर आला तेव्हा धमाल नाटकात उरले एक सासरे, एक जावई आणि एक हरवलेली छत्री. विनोदी नटाला तर जेवण जाईना.

मावशीला राहवेना. तिने डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, अजून काही दिवस दुखेल, टाक्यांपाशी बधिर वाटेल. पण हाडं जुळताहेत, पट्ट्या घट्ट आहेत.

"पण पोट धरून हसले तर?"

"पोट कशाला? छातीशी उशी धरा आणि हसा."

संध्याकाळी ती उशी घेऊन विंगेत बसली. सासऱ्यांनी सुतकी चेहऱ्याने विचारलं, "छत्री कुठंय?" जावई मान खाली घालून म्हणाला, "गेली." सगळ्या कंपनीने विंगेकडे पाहिलं.

मावशीला हसू फुटलं. ती उशी आवळून हसली, "आई गं" म्हणाली, पुन्हा हसली. मास्तर हरखून ओरडले, हे पक्कं, असंच ठेवा. तेव्हा तर तिला हसू आवरेना. कशीबशी म्हणाली,

"अहो मास्तर, खोडलेलं सगळं परत घाला. सगळं झकास होतं."

"मग हसला का नाहीत?"

"स्क्रू पडेल म्हणून."

विनोदी नट गंभीर चेहऱ्याने गुडघ्यांवर बसला आणि सिंहासनाखाली स्क्रू शोधू लागला. पाठोपाठ सासरे वाकले, मग जावई, आणि शेवटी चष्मा सावरत मास्तरही.

मावशीने उशी आणखी घट्ट धरली.