गेमच्या रिमोटची डाय

खंडेनवमीला घरी झेंडूची फुलं आली, की मला हमखास ते प्रकरण आठवतं. त्या दिवशी जेवण गोड लागत नाही.

तेव्हा मी सांगलीजवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. तिथल्या एका कारखान्यात कॉम्प्युटर गेमचे कंट्रोलर बनत. आपल्याकडं सगळे त्याला रिमोटच म्हणत. मालकानं कारखाना बंद करून सगळे साचे, म्हणजे डाय, दिल्लीच्या एका व्यापाऱ्याला विकायला काढले होते. त्यांतली एक डाय चोरीला गेली. मालकाची फिर्याद आली, गुन्हा दाखल झाला.

आमच्या खबऱ्यानं एक टेम्पोवाला आणून उभा केला. कारखान्याच्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं एक जड पोतं त्याच्या टेम्पोतून मिरजेच्या स्टँडवर नेलं होतं. पुढं ते कुठं गेलं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

मिस्त्रीला चौकशीला बोलावलं, चहा पाजला. सराईत चोर फार बोलत नाही. हा गडी थांबेचना. व्हिडिओ गेमच्या पार्लरसाठी केलेल्या लोखंडी दांड्यापासून त्यानं सुरुवात केली.

"पोरं अशी वडायची साहेब, की दांडा मुळासकट हातात! मग मी बुडाला स्प्रिंग घातली."

त्यानंतर टीव्हीला जोडायचे रिमोट आले, मग कॉम्प्युटरच्या जॉयस्टिक, गाडीच्या गेमचं स्टिअरिंग. पुढं पोरं मोबाईलच्या काचेवरच बोटं घासायला लागली आणि धंदा बसला. प्रत्येक नगाची कुळकथा त्याला पाठ होती. हरवलेल्या डायचं नाव काढलं, की मात्र तोंडाला कुलूप.

"मिस्त्री, पोतं कुठं आहे?"

"मला काय ठावं न्हाई."

घरझडतीतही काही मिळालं नाही.

खंडेनवमीला ठाण्यात शस्त्रपूजन चाललं होतं. हवालदार रायफलींना हळदकुंकू लावत होते. ते बघताना माझ्या मनात आलं, की जिच्यावर आयुष्यभर पोट भरलं, ती डाय हा माणूस आज बिनपूजेची ठेवणार नाही. साध्या वेशातला एक शिपाई मागावर धाडला. मिस्त्री नारळ आणि फुलं घेऊन मिरजेपलीकडं बहिणीच्या गावी गेला. शिपायाचा फोन येताच आम्ही पोचलो. गोठ्यात, कडब्यामागं, डाय पूजेला मांडलेली होती. उदबत्ती अजून जळत होती. तर्क खरा ठरल्याचा आनंद मला गाडीत बसेपर्यंतच पुरला.

वाटेत तो आपण होऊन बोलला. "भायेरच्या देशातलं रिमोट आपल्या पोरांच्या हातात मावायचं न्हाईत. आमच्या मंडळींच्या बारक्या हातात कणकेचा गोळा दिला, म्हटलं, दाबा. त्या मुठीवरनं ही डाय मी कानशीनं घासली. मंडळी तर वारल्या, साहेब. त्यांची मूठ दिल्लीला कशी धाडू?"

पंचनामा गोठ्यातच झाला होता; डाय सील होऊन मुद्देमालाच्या खोलीत गेली. जामिनावर सुटल्यावर तो परत आला.

"तेवढं तेल लावत जावा, साहेब. पोलाद हाय, गंज धरतंय."

कोर्टाच्या हुकमाशिवाय सील तोडता येत नाही, हे मी त्याला समजावलं. त्यानं मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही.

पुढं माझी साताऱ्याला बदली झाली, मी निवृत्त झालो, खटला रेंगाळतच राहिला. साक्षीला बोलावणं आलं तोवर दिल्लीचा सौदा मोडला होता आणि मालकाचा रागही निवळला होता. तडजोड झाली. डाय मिस्त्रीलाच द्या, असं मालक म्हणाला, कोर्टानंही मान्य केलं.

चोरी ती चोरीच, हे मी आजही म्हणेन. पण वस्तू जप्त करणं आम्हाला येतं, सांभाळणं येत नाही, हे मला त्या दिवशी कोर्टात कळलं आणि फार वाईट वाटलं.

शिरस्तेदारानं सील तोडलं. मिस्त्रीनं मुठीच्या खोबणीत अंगठा फिरवला. लाल भुगा बोटाला लागला.

"मूठ गेली, साहेब."

येताना त्यानं पिशवीतून तेलाची बाटली आणली होती. ती त्यानं बाहेर काढलीच नाही.