हात वर करून एक फेरी

आमच्याकडं कुस्तीची जोड ठरवायची एक रीत होती. पैलवानानं एक हात वर करून आखाड्याला फेरी मारायची. ज्याला लढायचंय त्यानं गर्दीतून उठून यायचं आणि त्या हातात हात द्यायचा. जोड लागली. माझ्या भराच्या काळात मला अर्धी फेरीसुद्धा कधी मारावी लागली नाही. पेडगाव असो की पिंगळी, मी लंगोट कसून उतरलो की चार-सहा जण उठायचे. मला पाडलं की पंचक्रोशीत नाव होत होतं ना! पंधरा वर्षं मी दुसरा धंदा केला नाही. जत्रा, उरूस आणि कुस्ती, यावरच घर चाललं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. कुस्त्या बंद पडल्या. म्हैस विकली, दूध गेलं, आणि मी दुष्काळी कामावर खडी फोडायला बसलो. दंड राहिले, पण दम गेला. ते मला कळत होतं. कबूल करायचं मात्र नव्हतं. तो माझा जुना रोग.

पुढं पिकं आली आणि सोनपेठजवळच्या एका गावात कुस्त्यांचा फड लागला. मी निघालो तशी बायको म्हणाली, "चाळिशी आली की. आता कुनासंगं लढनार हाव?"

"जो यील त्याच्यासंगं."

हात वर करून निघालो. पाव फेरी झाली, अर्धी झाली. कुणी उठेना. हलगीवाला माझ्याकडं बघायचं टाळू लागला. फेरी रिकामी गेली की हात खाली घ्यायचा, कपडे घालायचे. त्यानंतर माणूस पैलवान राहत नाही. मला घाम फुटला, तो लाजेनं.

चार पावलं उरली असताना एक तरणाबांड गडी उतरला. वीस-बावीसचा असेल. समोर आला, आणि हात द्यायचं सोडून वाकून माझ्या पाया पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आखाड्यात ज्याच्या पाया पडायचं त्याच्याशी लढायचं नाही, हे आमच्यात पोराटोरांनाही ठाऊक. हा अंगाला माती न लावता माझी कुस्ती संपवत होता.

"ऊठ," मी म्हणालो. "पाया घरी जाऊन तुज्या बापाच्या पड. हितं हात दे."

"तुमी वस्ताद हाव, मामा."

"मामा न्हाई अन् काका न्हाई. हात दे!"

त्यानं हात दिला. खडाखडी झाली, पकड बसली, आणि लगेच समजलं की तो मला सांभाळून घेतोय. अंगात बैलाची ताकद, पण माझ्यावर घालत नव्हता. मी त्याच्या मानेला हात टाकून कानाशी म्हणालो, "जोर लाव रं. उपकार नगं."

मग त्यानं जोर लावला. पट काढला, उचललं, आणि माझी पाठ मातीला लागली. दोन मिनिटंही झाली नसतील.

तो माझ्या छातीवर तसाच, डोळे भरलेले. आयुष्यात मी पुष्कळदा हरलो होतो आणि दर वेळी आठ-आठ दिवस जळत राहिलो होतो. या वेळी मात्र, खरं सांगतो, मला लय बरं वाटलं. मला पैलवान समजून पाडलं होतं त्यानं.

"रडायलास कामून?" मी खालूनच म्हणालो. "ऊठ की आता. लय जड हाईस."