गंजीजवळचा हसरा माणूस

मेंदूचा एमआरआय स्वच्छ आला तेव्हा मी खट्टू झालो. लोकांना दाखवण्यासारखं काही निघालं असतं तर बरं झालं असतं. वर्ध्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "हे डिप्रेशन आहे, आणि सोबत डिपर्सनलायझेशन." म्हणजे मन इतकं थकतं की आपलंच शरीर परक्याचं वाटू लागतं. मी हसलो. "आत्ता हसलात, ते आतून जाणवलं?" बाईंनी विचारलं. मी पुन्हा हसलो.

मी सेलूजवळच्या, कापसातून सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये ग्रेडर आहे. गाडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घालून ओल ओळखायची, हे माझं काम. ओला कापूस गंजीत, म्हणजे आवारातल्या मोठ्या ढिगात, गेला की आतून तापतो. शेतकरी भावावरून चिडायचे, मालक मालावरून, आणि मी दोघांशी हसून बोलायचो. कसं काय विचारलं की ‘मजेत’.

दिवाळीनंतर आवक वाढली आणि माझा हात परका झाला. टोचलं तर दुखायचं, पण दुसऱ्याच कुणाला तरी. मग मला तो दिसू लागला. गंजीजवळ, माझाच शर्ट घालून, माझ्याच शेतकऱ्यांशी हसत उभा. त्याचं हसणं थांबायचं नाही. मला त्याची भीती वाटायची, आणि त्या भीतीतही मी हसायचो.

एका दुपारी गंजी रचणाऱ्या रमेशने माझा हात खेचून गंजीतल्या कापसातून बाहेर काढला. हात लालबुंद झाला होता. मीच पास केलेला ओला माल आत धुमसत होता.

"भाऊ, हात पोळून राह्यला तुमचा," तो म्हणाला. "अन् तुमी हासून काऊन राह्यले?"

मग त्यानेच मला वर्ध्याच्या त्या दवाखान्यात नेलं.

गोळ्यांनी आधी नुसती झोप आणली. काउन्सेलिंग, म्हणजे बोलून होणारा उपचार, त्यात मी बाईंवरच चिडलो. राग येतोय ते बरंच आहे, असं त्या म्हणाल्या. मला मात्र नोकरीची धास्ती होती. हाताला काही कळत नसलेला ग्रेडर कोण ठेवणार?

हंगाम सरता सरता कामावर परतलो. पहिल्याच गाडीत हात घातला. गार, ओलसर. माल परत केला, शेतकरी तणतणला. मी हसलो नाही. डोळे भरून आले, तेही माझेच होते.

तुम्हीही दिवसभर ‘मजेत’ म्हणत असाल, तर कुणाला तरी खरं सांगा. माझ्या नशिबाने मला रमेश भेटला.

गंजीजवळ माझाच शर्ट घातलेला तो अजूनही कधी कधी उभा दिसतो, हसत. मग मी रमेशला हाक मारतो, आणि रमेश येईपर्यंत हात कापसात घालत नाही.