आशारचे पातेले

“रिकामं भांडं कसं द्यावं, गुरुजी?” असे म्हणत ती दोन्ही हातांनी वाटी पुढे करी. आमच्याकडून दूध नेलेली वाटी परत येई ती शेंगदाणे किंवा तिने भाजलेल्या जाड, गोल रोटीचा तुकडा घेऊन.

वारंगा फाट्याजवळच्या आमच्या गावचा एक मुलगा वैद्यक शिकायला किर्गिझस्तानात गेला आणि पदवीबरोबर तिलाही घेऊन आला. आम्ही तिला डॉक्टरीणबाई म्हणत असू. मराठी ती सासूकडून शिकली. त्यामुळे ‘का’ न म्हणता ‘काहून’ म्हणे. तिच्या तोंडून ते फार गोड वाटे.

मी पूजा करतो त्या मंदिराच्या पायरीवर बसून ती आपल्या देशाविषयी सांगे. आजीच्या काळी सरकार काम, घर, औषध सारे देई. मात्र शेजाऱ्याने शेजाऱ्याविषयी काढलेला शब्दही सरकारच्या कानी जाई. आजीच्या वडिलांना शेजाऱ्याच्या अशाच एका शब्दावरून धरून नेले होते. पुढे ती सत्ताच कोसळली. पगार थांबले, दिवे गेले.

“मंग शेजारीच सरकार झाले, गुरुजी. कुणाचं घर पडलं की सगळे हात लावायचे, अन् घरवाल्यानं जेवू घालायचं. आमी त्याला आशार म्हणतो.”

गेल्या पावसाळ्यात शाळेच्या वाटेवरच्या ओढ्यावरची मोरी वाहून गेली. अर्ज झाले आणि गाव वाट पाहत बसले. एके सकाळी तिने मंदिराचे मोठे पातेले मागितले आणि मोरी बांधायला साऱ्यांना बोलावले.

“डॉक्टरीणबाई, आमाला मजूर करून राहिल्या काय?” एकाने थट्टा केली.

“मजूर न्हाई, भाऊ. पाव्हणे. जेवून जायाचं!”

हसत हसत माणसे जमली. दगड रचले गेले, मुले कोरड्या पायांनी शाळेत जाऊ लागली. पंगतीत जो तो ‘आपली मोरी’ म्हणत होता.

मग बांधकाम खात्याच्या साहेबांची जीप आली. “सरकारी रस्त्यावर परवानगीशिवाय काम कोणी केलं? गुन्हा दाखल होईल.”

तिची येथे राहण्याची परवानगी त्याच महिन्यात वाढवून मिळायची होती, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. तरी मागून आवाज आला, “त्या बाईनं, साहेब. आमाला काय माहीत न्हाई.”

त्या आवाजाला कोणीही अडवले नाही. रोज सर्वांच्या कल्याणाची प्रार्थना म्हणणाऱ्या माझीही जीभ हलली नाही.

तिने आमच्याकडे पाहिले. नजरेत राग नव्हता. जुनी ओळख पटावी तसे काहीतरी होते. मग ती म्हणाली, “व्हय साहेब. म्या एकलीनं केलं.”

ते दगड चार माणसांनाही सहज हलले नसते. साहेबांनी त्या दगडांकडे एकवार पाहिले आणि तिचे नाव लिहून घेतले.

परवानगी वाढली नाही. लेकराला घेऊन ती माहेरच्या देशी गेली. मागोमाग डॉक्टरही गेला. त्या वाटेने गेलात तर पाहाल, मोरी अजून उभी आहे.

ती गेली त्या सकाळी पातेले मंदिराच्या ओट्यावर ठेवलेले होते. घासून लख्ख, आणि आत एक गोल रोटी.

त्या रोटीचे तुकडे करून, ज्यांनी दगड वाहिले त्यांच्या दारोदार मी गेलो. हा कसला प्रसाद, असे कोणीही विचारले नाही. प्रत्येकाने दोन्ही हात पुढे केले. वर मात्र कोणी पाहिले नाही.